इंदूर जिल्ह्यातल्या सरकारी शाळा : नव्याने जॉइन होणाऱ्यांसाठी माझा अनुभव

ऑर्डर हातात पडली, शाळेत जाऊन जॉइनिंग दिलं, रजिस्टरवर सही झाली, की पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त गोंधळ कशाचा होतो तर आपला साहेब नक्की कोण याचा. माझाही झाला होता. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या जितक्या मुलींचे फोन आले, कोणी प्राथमिक शिक्षक म्हणून लागलेली, कोणी अतिथी शिक्षक म्हणून, म्हणजे सत्रापुरती मानधनावर, त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, की ताई, रजेचा अर्ज कोणाला द्यायचा? माझी मावसबहीण अकोल्याहून लग्न होऊन इंदूरला आली, डीएड झालेली आहे, तिला परवा तासभर फोनवर हेच समजावलं आणि मग म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढू.

माझं थोडक्यात सांगते. घर लोकमान्य नगरला, शाळा-कॉलेज सगळं इंदूरलाच, डीएलएड बिजलपूरच्या डाएटमधून, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेतून. २०१६ पासून ७ वर्षं अतिथी शिक्षक होते आणि २०२३ पासून प्राथमिक शिक्षक, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला वर्ग ३ म्हणतात ते. शहराच्या कडेला एका प्राथमिक शाळेत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मुलांच्या घरच्या गोष्टी येणार आहेत.

तर साहेब कोण. महाराष्ट्रात कसं, जिल्हा परिषदेची शाळा असली की केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी एक सरळ शिडी असते. इथे शिड्या दोन आहेत आणि प्राथमिकच्या शिक्षकाचा एक पाय एकीवर आणि दुसरा दुसरीवर असतो. पहिली शिडी नोकरीची. तुमची शाळा एका संकुलात असते. संकुल म्हणजे जवळची एखादी हायस्कूल किंवा हायर सेकंडरी शाळा, आणि तिचे प्राचार्य म्हणजे संकुल प्राचार्य, त्यांच्याकडे आसपासच्या प्राथमिक-माध्यमिक शाळा जोडलेल्या असतात (इथे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी). तुमचं पगार बिल तिथून निघतं, सर्व्हिस बुक तिथे राहतं, रजा तिथे मंजूर होते. त्यांच्या वर डीईओ म्हणजे जिल्हा शिक्षण अधिकारी, मग जेडी म्हणजे संभागाचे, आपल्या भाषेत विभागाचे, संयुक्त संचालक, आणि वर भोपाळचं लोक शिक्षण संचालनालय. दुसरी शिडी मुलांची. पुस्तकं, ट्रेनिंग, मुलांची नोंदणी, पाचवी-आठवीची परीक्षा, दुरुस्तीचा पैसा, हे सगळं पहिली ते आठवीचं काम जनशिक्षा केंद्रातून येतं. तिथले जनशिक्षक म्हणजे साधारण आपले केंद्रप्रमुख समजा. त्यांच्या वर ब्लॉकला बीआरसी म्हणजे ब्लॉकचे समन्वयक, जिल्ह्याला डीपीसी म्हणजे जिल्हा समन्वयक आणि भोपाळला राज्य शिक्षा केंद्र. जनशिक्षक हा शब्द २००२ च्या मध्य प्रदेश जन शिक्षा अधिनियमापासूनचा आहे, आणि पहिल्या आठवड्यात एकच फोन नंबर सेव्ह करायचा असेल तर त्यांचाच करा.

आता हे नुसतं माहिती म्हणून सांगत नाहीये. मी नवीन असताना एका कामाचा कागद चुकीच्या शिडीवर दिला आणि तो दीड महिना तिथेच पडून राहिला. कोणी परत पाठवला नाही, कोणी सांगितलंही नाही की हे आमचं काम नाही. म्हणून सोपी खूण लक्षात ठेवा, कागदावर तुमचं नाव असेल तर संकुल, मुलाचं नाव असेल तर जनशिक्षा केंद्र. शंभरातल्या नव्वद वेळा हे बरोबर निघतं. आणि प्रत्येक कागदाची पावती घ्या, आवक क्रमांक घातलेली, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, संकोच करू नका.

जिल्ह्यात चार तहसिलींचे इलाके धरून चला, इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर. महूचं सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर आहे पण बोलताना सगळे महूच म्हणतात. या चारही ठिकाणच्या शाळा इतक्या वेगळ्या आहेत की एकीचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही. सांवेर-देपालपूरकडे शेती, सोयाबीन आणि गहू, मुलं गावातलीच, तीन पिढ्या ओळखीच्या, हजेरी पिकाच्या कामांवर वर-खाली होते. महूच्या बाजूला पीथमपूर लागूनच आहे, ते धार जिल्ह्यात येतं पण तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं इकडच्या शाळांत असतात. आणि शहरात बाणगंगा, सांवेर रोड, पालदा या भागांत यूपी-बिहारहून आलेल्या कामगारांची मुलं, आणि बायपासच्या बाजूला जिकडे बिल्डिंगी उभ्या राहतायत तिकडे झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानीहून आलेल्या मजूर कुटुंबांची. ही शेवटची मुलं माझ्या शाळेत जास्त आहेत. नेमणूक कुठे मिळाली यापेक्षा ती मुलं कुठून येतात हे आधी विचारून घ्या, बाकीचं सगळं त्यावरूनच ठरतं.

गावाकडे गेलात तर एक प्रश्न पडेल की एवढ्याशा वस्तीला वेगळी शाळा कशी काय? त्याचं उत्तर १९९७ मध्ये आहे. त्या वर्षी १ जानेवारीला राज्याने शिक्षा गॅरंटी योजना सुरू केली. वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि ४० मुलं असतील, आदिवासी भागात २५, तर गावाने मागणी करायची आणि ९० दिवसांत सरकारने तिथे शिकवायची सोय करायची. त्या केंद्रांवर शिकवणाऱ्यांना गुरुजी म्हणायचे, ते त्या गावातलेच असायचे. नंतर यातली बरीच केंद्रं पक्क्या प्राथमिक शाळा झाल्या. म्हणजे दोन खोल्या, दोन शिक्षक, पाच वर्ग, अशी जी शाळा तुम्हाला मिळते ना, ती कोण्या आई-बापांनी अर्ज करून मागून घेतलेली असू शकते. मला हे एका रिटायर झालेल्या गुरुजींनी सांगितलं आणि त्यानंतर लहान शाळा बघायची माझी नजर बदलली. नंतर २०१८ मध्ये एक शाळा एक परिसर असा आदेश आला, त्यात एकाच आवारातल्या प्राथमिक, माध्यमिक, हायस्कूल वगैरे एकत्र केल्या, म्हणून बोर्डावर प्राथमिक लिहिलेलं असलं तरी कागदोपत्री तुम्ही मोठ्या शाळेचा भाग असू शकता. जॉइन होताना शाळेचा ११ अंकी यू-डाइस कोड, म्हणजे देशभरच्या शाळांच्या नोंदणीतला नंबर, विचारा, आपल्या राज्याचे २३ ने सुरू होतात. हा नंबर पाठ करा, दिवसातून एकदा तरी लागतोच.

शहरातल्या जुन्या शाळा मात्र वेगळ्याच आहेत. रामबागेतली मल्हार आश्रम, अहिल्या आश्रम, बडा गणपतीजवळची शारदा कन्या, या नावांवरूनच कळतं की होळकरांचं गाव आहे. आपल्या मराठी घरांतल्या कितीतरी आज्या-आत्या या शाळांतून शिकल्या. बालविनय मंदिर ही इंदूरची उत्कृष्ट शाळा, तिथे नववीला प्रवेश परीक्षा देऊन घेतात, ती परीक्षा राज्य ओपन बोर्ड घेतं. मग २०२१ मध्ये सीएम राइज शाळा मंजूर झाल्या, केजीपासून बारावीपर्यंत एकाच ठिकाणी, मुलांना ने-आण करायला बस, मोठी इमारत, लॅब. २०२५ मध्ये त्यांचं नाव सांदीपनि विद्यालय झालं. पालक विचारतात की मुलाला तिथे टाकू का, तर बस तुमच्या रस्त्यावरून जात असेल तर नक्की टाका, मी स्वतः माझ्या पाचवीतून निघणाऱ्या मुलांचे अर्ज भरून देते. पण माझ्या मते लहान शाळांचं काम सांदीपनि करू शकत नाही, कारण बसला ठरलेला थांबा असतो आणि माझ्या मुलांचं घर दर सहा महिन्यांनी हलतं.

आता नोकरीचं. वर्ग १ म्हणजे उच्च माध्यमिक शिक्षक, वर्ग २ म्हणजे माध्यमिक, वर्ग ३ म्हणजे प्राथमिक. आधी पात्रता परीक्षा, मग निवड परीक्षा, दोन्ही भोपाळचं कर्मचारी निवड मंडळ घेतं. पात्रता १५० मार्कांची असते, जनरलला ९० लागतात. सुरुवातीचा मूळ पगार प्राथमिकला २५,३००, माध्यमिकला ३२,८००, उच्च माध्यमिकला ३६,२००, वर महागाई भत्ता. पण माझ्या नेमणुकीत पहिल्या वर्षी मूळ पगाराचे ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० आणि मग पूर्ण, असं होतं, त्यामुळे घरच्यांना आकडा सांगताना तुमच्या ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. आणि एक फार महत्त्वाचं. बीएड झालंय म्हणून वर्ग ३ चा फॉर्म भरू असं मनात असेल तर थांबा, ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, प्राथमिकसाठी आता बीएड चालत नाही, दोन वर्षांचं डीएलएड किंवा चार वर्षांचं बीएलएड लागतं. माझ्या ओळखीतल्या दोघींनी हे माहीत नसल्याने एक वर्ष घालवलं. पोरी हुशार, बीएडला चांगले मार्क, पण कोणी वेळेवर सांगितलं नाही.

परीक्षा निघेपर्यंत काय करायचं, तर अतिथी शिक्षक. रिकाम्या पदावर सत्रापुरतं घेतात, जीएफएमएस पोर्टलवर नोंदणी, शिक्षणाचे मार्क आणि अनुभव धरून स्कोअरकार्ड निघतं आणि त्यावरून शाळेत नंबर लागतो. २०२३ मध्ये मानधन दुप्पट झालं, वर्ग ३ ला महिना १०,०००, वर्ग २ ला १४,०००, वर्ग १ ला १८,०००. मी लागले तेव्हा याहून फारच कमी होतं, भाड्याचं घर असतं तर जमलंच नसतं, सासरच्यांनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. भरतीत अतिथींसाठी राखीव जागा असतात, पण त्यासाठी किमान ३ सत्रं आणि २०० दिवसांचा अनुभव कागदावर लागतो. म्हणून दर एप्रिलमध्ये सत्र संपायच्या आत अनुभव प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घेऊनच घरी जा. हेडमास्तर बदलून गेले की मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र काढणं किती अवघड होतं ते मी भोगलंय. सात वर्षांत माझे दोन सत्रांचे कागद असे अडकले होते.

सत्र १ एप्रिलला सुरू होतं, एप्रिलभर शाळा, मग मे आणि अर्धा जून सुट्टी, आणि १६ जूनच्या आसपास परत. कागदावर असं असलं तरी आमच्याकडचं वर्ष मुलांच्या घरच्या कामाने चालतं. जूनमध्ये पेरणीला अर्धी मुलं गावी, सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीन काढणी, दिवाळीनंतर सगळ्यात जास्त भरलेला वर्ग, मार्चमध्ये गहू. आणि होळीच्या आधीचा आठवडा भगोरिया. झाबुआ-अलीराजपूरकडची माणसं त्या आठवड्यात इंदूरला थांबत नाहीत, ठेकेदाराने कितीही पैसे दिले तरी नाही, आणि का थांबावं, वर्षातून एकदा आपल्या माणसांत जायचा तो सण आहे. मग रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा इंदूरला स्थानिक सुट्टी, त्यामुळे मार्चमधले शिकवण्याचे दिवस बोटावर मोजण्याइतके. पाचवीची परीक्षा पण तेव्हाच. पाचवी आणि आठवीची परीक्षा आता बोर्डासारखी होते, उत्तरपत्रिका दुसरीकडे तपासायला जातात, ३३ टक्के लागतात, नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी. म्हणून मी माझं पाचवीचं गणित जानेवारी अखेरपर्यंत संपवते, फेब्रुवारीत नुसता सराव. नव्यांनी पहिल्याच वर्षी हे करावं, पुस्तकाच्या मागे छापलेलं मासिक नियोजन आपल्या मुलांना लागू पडत नाही.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

अतिथी म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं, जुलैचा शेवट, बाहेर पाऊस. एक बाई दारात येऊन उभी राहिली, कडेवर एक लहान, हाताला धरलेली सात-आठ वर्षांची मुलगी, डोक्यावर सिमेंटची रिकामी पिशवी उलटी करून घातलेली. म्हणाली हिला बसवायचंय. हेडमास्तर मीटिंगला गेले होते. मी विचारलं जन्माचा दाखला आहे का, राज्य सरकारची समग्र आयडी आहे का, आधीच्या शाळेची टीसी? ती नुसती मान हलवत राहिली. मी म्हटलं कागद घेऊन या, मग नाव लिहू. अगदी नीट, गोड बोलून म्हटलं. मला तसंच सांगितलेलं होतं. ती बरं म्हणून गेली आणि परत आलीच नाही. आठवड्याभराने मी त्यांच्या बांधकामाच्या साइटवर विचारायला गेले तर मजुरांची टोळी दुसरीकडे हलली होती. ती मुलगी त्या दिवशी वर्गाच्या दारातून आत बघत होती, फळ्यावर मी ऊसाचं चित्र काढलं होतं, ते बघत होती. ते मला अजून दिसतं.

नंतर मी कायदा वाचला, कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः बसून वाचला. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १४ मध्ये सरळ लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ५ मध्ये लिहिलंय की टीसी यायला उशीर झाला हे प्रवेश थांबवायचं कारण होऊ शकत नाही. कलम ४ म्हणतं की मूल वयाने ज्या वर्गात बसायला हवं त्या वर्गात बसवा आणि मागे राहिलेलं असेल तर वेगळं शिकवून बरोबरीला आणा. आणि नियमांत वयाच्या पुराव्याला पर्याय दिलेत, दवाखान्याची किंवा एएनएमची म्हणजे सरकारी नर्सची नोंद, अंगणवाडीचं रजिस्टर, आणि हे काहीच नसेल तर आई-बापाने लिहून दिलेलं. म्हणजे मी त्या बाईला जे म्हटलं ते चूक होतं. मला आधी माहीत असतं तर ती मुलगी त्याच दिवशी वर्गात बसली असती.

म्हणून नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीने सांगणं आहे, मूल दारात आलं की आधी आत घ्या, कागद नंतर. नाव त्याच दिवशी दाखिल-खारिज रजिस्टरमध्ये चढवा. महाराष्ट्रात ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात ते इथे दाखिल-खारिज, यातला नंबर म्हणजे स्कॉलर नंबर, आणि पुढे आयुष्यभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हीच नोंद चालते, त्यामुळे शांतपणे, खाडाखोड न करता लिहा. आईला तारीख माहीत नसते पण सण माहीत असतो. मी विचारते दिवाळीच्या आधी की नंतर, भगोरियाला कडेवर होती की चालत होती, मोठ्या भावाच्या किती मागून. अर्ध्या तासात महिना निघतो. घाईघाईत सगळ्यांची १ जुलै टाकून मोकळं होऊ नका, पुढे त्या मुलाला नोकरीच्या वेळी तीच तारीख चिकटते.

यानंतर पोर्टलचं काम येतं आणि इथे धीर लागतो. आपल्या राज्यात समग्र आयडी असते, कुटुंबाची ८ अंकी आणि प्रत्येक माणसाची ९ अंकी. ती आधारशी जुळवलेली लागते. मुलाचं नाव गावच्या शाळेत आधीच चढलेलं असतं, बऱ्याच वेळा असतंच, आणि जोपर्यंत ती शाळा यू-डाइस पोर्टलवर त्याला सोडत नाही तोपर्यंत आपल्या शाळेत ते दिसत नाही. मग काय करायचं, गावाचं नाव विचारायचं, फळियाचं म्हणजे वस्तीचं नाव विचारायचं, आपल्या जनशिक्षकांकडून तिकडच्या जनशिक्षकांचा नंबर काढायचा आणि फोन करायचा. पत्र पाठवून बसू नका, फोन करा. मी अलीराजपूरच्या एका गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले मॅडम, ती पोरगी बरी आहे ना, आम्ही दिवाळीपासून शोधत होतो. त्यांच्या रजिस्टरमध्ये ती गैरहजर, माझ्या वर्गात हजर, आणि मधे कोणालाच कोणाचा पत्ता नाही. दहा मिनिटांत त्यांनी नाव सोडलं. प्रत्येक मुलाचा एक पेन नंबर असतो, ११ अंकी, शाळा बदलली तरी तोच राहतो. हा नंबर मिळाला की अर्धं काम झालं.

भाषेचं पण सांगायला हवं. शाळेचं माध्यम हिंदी, पुस्तक हिंदी, पण मुलांच्या घरी भिली, भिलाली, निमाडी, माळवी. तपासायला आलेला माणूस म्हणतो मुलांचे उच्चार सुधारा. मुलगा वहीत पाणी लिहितो, तर लाल पेनने पानी करायचं. काळो म्हणतो तर काला. आता आपण मराठी माणसं, आपल्याला पाणी आणि काळा यात चूक दिसणारच नाही ना, आपल्या तोंडी तेच आहे. ण आणि ळ त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे आहे, पुस्तकातल्या हिंदीत ळ नाही. मला हे दुसऱ्या वर्षी लक्षात आलं आणि मी फळ्यावर दोन घरं केली, एकावर लिहिलं घर की बोली, दुसऱ्यावर किताब की बोली, पाणी इकडे, पानी तिकडे, दोन्ही बरोबर. त्या दिवशी जी मुलं कधी तोंड उघडत नव्हती ती शब्द सांगायला धावली, एकाने पाच शब्द सांगितले, सगळे ळ वाले. आपल्या मराठीचा इतका उपयोग मला दुसरीकडे कुठेच झाला नाही. राज्याचं अंकुर अभियान २०२२ पासून आहे, तिसरीपर्यंत वाचन आणि हिशोब यायलाच हवा असं, त्याच्या वर्कबुक चांगल्या आहेत, पण सुरुवात घरच्या शब्दांनी करा, मग वर्कबुक उघडा.

जेवणाचं थोडक्यात. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५०. शहरात बऱ्याच शाळांना शिजवलेलं गाडीतून येतं, गावात बचत गटाच्या बाया तिथेच शिजवतात. आमच्याकडे मंगळवारी खीर-पुरी असते आणि मंगळवारची हजेरी बघून घ्या, लहान भावंडं पण दारात येऊन बसतात. त्यांना हाकलू नका, बाजूच्या अंगणवाडीशी बोलून ठेवा, त्यांचं नाव तिकडे लागतं आणि दोन वर्षांनी तीच मुलं तुमच्याकडे पहिलीला येतात. हजेरी रोज खरी भरा. कोणी सांगितलं की थोडी वाढवून टाका तरी नका टाकू, तुमची सही आहे खाली.

शाळा व्यवस्थापन समिती कागदावर सगळीकडे असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असा नियमच आहे. मीटिंग महिन्याच्या अमावस्येला ठेवा, हे मला एका मिस्त्रीने सांगितलं, कारण त्या दिवशी बांधकामावर बऱ्याच ठिकाणी काम बंद असतं. आधी आम्ही शनिवारी बोलवायचो आणि दोघं यायचे, आता पंधरा-वीस येतात. याच मीटिंगमधून कळतं की कोणती टोळी कधी हलणार आहे आणि त्यावरून मी कोणाची टीसी आधी तयार करायची ते ठरवते.

टीसी हातात दिली तरी हरवते. झोपडी हलते तेव्हा भांडी जातात, अंथरूण जातं, कागद राहतो. म्हणून तीन वर्षांपासून मी एक करते, मुलाच्या भाषेच्या पुस्तकाच्या पहिल्या पुठ्ठ्याच्या आत, पक्क्या निळ्या पेनने, मुलाचं नाव, पेन नंबर, समग्र आयडी, आमच्या शाळेचा यू-डाइस कोड आणि माझा मोबाइल नंबर लिहिते. वर सेलोटेप लावते. पुस्तक मुलं टाकत नाहीत, चित्रं असतात त्यात.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडून चार-पाच दिवस झाले असतील, खरगोनकडून एका अनोळखी नंबरचा फोन आला. तिकडच्या एका प्राथमिक शाळेतल्या मॅडम होत्या. म्हणाल्या, एक मुलगी आलीय, आई बरोबर आहे, कागद काहीच नाही पण पुस्तकात आत तुमचा नंबर लिहिलाय, तिसरीची ना ही? मी म्हटलं चौथीत गेली, तिसरी पास झालीय, भागाकार अजून कच्चा आहे, वाचते छान. नंबर त्यांनी वाचून दाखवला, मी रजिस्टर उघडून जुळवला आणि फोन चालू असतानाच पोर्टलवर तिला सोडलं. मागे तिचा आवाज येत होता, ती त्या मॅडमना पुस्तकातलं पहिलं पान वाचून दाखवत होती.